लसणाची पाकळी आणि रक्तदाबाची गोळी

आमच्या प्रतिनिधीकडून

नागपूर : कळमन्याच्या बाजार आवारात आलू-कांद्याच्या भागात लसणाच्या कट्ट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. एवढा माल एका जागी रचलेला असूनही त्याचा वास मात्र अपेक्षेपेक्षा मंद असतो. नाकाला झोंबतो तो हमालांच्या पायांखाली आणि गाडीच्या चाकांखाली चिरडलेल्या पाकळ्यांचा. अख्ख्या गड्ड्याला फारसा वास नाही आणि फुटलेल्या पाकळीला मात्र उग्र दर्प, असे का? लसणाच्या औषधी गुणांचे रहस्य याच साध्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

बाजारात आणखी एक प्रश्न वारंवार कानी पडतो. भाव जास्त वाटून घुटमळणाऱ्या वयस्क ग्राहकाला विक्रेता सहज म्हणून जातो, "न्या ना काकाजी, बीपीले बेस राहते." काकाजी लसूण घेतात आणि जाताजाता विचारतात, "मग गोळी बंद केली तर चालते का?" विक्रेत्याकडे याचे उत्तर नसते आणि ते असावे अशी अपेक्षाही नाही. परंतु अनेक घरांत हा प्रश्न डॉक्टरांना न विचारताच सोडवला जातो. सकाळी उपाशीपोटी दोन पाकळ्या सुरू होतात आणि रक्तदाबाची गोळी हळूच मागे पडते.

'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजेच दर तिघांमागे किमान एक जण. त्यामुळे लसणात औषध किती आणि आख्यायिका किती, याची शहानिशा करणे अगत्याचे ठरते.

कळमन्यात येतो कुठून?

लसूण उत्पादनात चीनचा क्रमांक जगात पहिला असून भारत दुसऱ्या स्थानी आहे. देशात मध्य प्रदेश आघाडीवर, त्यामागोमाग राजस्थान. मंदसौर, नीमच, रतलाम हा माळव्याचा पट्टा आणि राजस्थानातील कोटा, बारां हा हाडौतीचा पट्टा लसणाची आगारे मानली जातात. मध्य प्रदेशाची सीमा नागपूरपासून जवळ असल्याने विदर्भाच्या बाजारपेठेत तिकडच्या मालाचे वर्चस्व असणे स्वाभाविक आहे.

लसूण हे मुख्यत्वे रब्बीचे पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाकळ्या लावल्या जातात आणि फेब्रुवारी-मार्चपासून नवा माल बाजारात येऊ लागतो. त्या काळात भाव उतरतात, तर हिवाळ्याच्या तोंडावर साठा संपत आला की चढतात. २०२४ च्या आरंभी देशातील अनेक शहरांत किरकोळ बाजारात लसणाने किलोमागे चारशे रुपयांचा टप्पा ओलांडला होता. फोडणीतून लसूण गायब झाल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांतून झळकल्या होत्या.

महाराष्ट्रातही लसणावर संशोधन होते. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची कांदा व लसणाला वाहिलेली संस्था असून 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल' हे वाण तिचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'श्वेता', 'गोदावरी' आणि 'फुले बसवंत' हे वाण दिले आहेत. बाजारात ग्राहक मात्र वाणाचे नाव विचारत नाही. तो गड्ड्याचा आकार पाहतो. मोठ्या पाकळ्यांचा लसूण सोलायला सोपा म्हणून त्याला भाव अधिक. बारीक पाकळ्यांचा गावरान लसूण सोलताना जीव मेटाकुटीला येतो, पण चटणीसाठी जाणत्या गृहिणी तोच निवडून घेतात.

पाच रसांचा 'रसोन'

लसणाचे औषधी महत्त्व आजचे नव्हे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या काळातील 'एबर्स पपायरस' या इजिप्शियन वैद्यकीय लेखात लसणाचे उल्लेख आहेत. ग्रीक वैद्यकातही त्याला मानाचे स्थान होते.

आपल्याकडे त्याला 'लशुन' आणि 'रसोन' अशी नावे आहेत. रसोन म्हणजे एका रसाने उणा. सहा रसांपैकी आंबट रस तेवढा त्यात नाही, बाकीचे पाच आहेत, अशी ही व्युत्पत्ती. भावप्रकाशात तर मुळात तिखट, पानात कडू, नाळेत तुरट, नाळेच्या टोकाशी खारट आणि बीजात गोड अशी रसांची वाटणीच सांगितली आहे. काश्यपसंहितेत 'लशुनकल्प' या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. चरकसंहितेत गुल्म म्हणजे पोटातील गोळ्यावर दुधात शिजवलेला लसूण सांगितला आहे. अपचनावर वापरली जाणारी लशुनादि वटी आजही औषधांच्या दुकानात मिळते.

सर्वांत रंजक दाखला मध्य आशियातून मिळाला. १८९० मध्ये कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी संस्कृत पोथी लागली. 'बॉवर हस्तलिखित' म्हणून ती प्रसिद्ध आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या पोथीतील वैद्यकविषयक भागाचा आरंभच लसणाच्या उत्पत्तीने आणि गुणवर्णनाने होतो.

मात्र जुन्या ग्रंथकारांनी लसणाचे केवळ गोडवे गायले, असे समजण्याचे कारण नाही. तो उष्ण आणि तीक्ष्ण असल्याने पित्तप्रकृतीच्या व रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींनी जपून राहावे, असे आयुर्वेद सांगतो. लसूण सेवन करणाऱ्याने अतिव्यायाम, ऊन, राग टाळावा, असेही भावप्रकाशात म्हटले आहे. प्रकृती, मात्रा आणि पथ्य पाहून द्यावयाचे ते द्रव्य होते. सरसकट सर्वांनी खावे असा सल्ला त्यात नव्हता. आज हा भाग नेमका विसरला जातो.

पाकळी फुटते तेव्हा

आता त्या वासाच्या प्रश्नाकडे वळू. अख्ख्या पाकळीत 'अ‍ॅलिन' नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो. त्याला वास नसतो. त्याच पाकळीत, परंतु पेशींच्या वेगळ्या कप्प्यात, 'अ‍ॅलिनेज' नावाचे विकर असते. जोवर पाकळी शाबूत आहे तोवर या दोघांची गाठ पडत नाही. पाकळी चिरली, ठेचली वा चावली की कप्पे फुटतात, विकर अ‍ॅलिनवर तुटून पडते आणि काही क्षणांतच 'अ‍ॅलिसिन' तयार होते. लसणाचा तो परिचित दर्प आणि जिभेला चटका या अ‍ॅलिसिनचा. कीटकांपासून व बुरशीपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज होय.

अमेरिकेतील चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळे काढून त्याचा जंतुनाशक गुण दाखवून दिला. पुढे काही वर्षांतच स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल आणि इवाल्ड झीबेक यांनी अ‍ॅलिनचा छडा लावला. १९८४ मध्ये लसणातील 'अ‍ॅजोईन' या घटकाची माहिती प्रसिद्ध झाली. रक्तातील चकत्या म्हणजे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याची क्रिया तो मंदावतो. 'आहो' या लसणाच्या स्पॅनिश नावावरून त्याचे नाव पडले.

अ‍ॅलिसिन अतिशय अस्थिर आहे. तयार झाल्यावर ते लवकरच इतर गंधकयुक्त पदार्थांत बदलू लागते. त्याला घडवणारे विकर तर उष्णतेपुढे आणि आम्लापुढे टिकतच नाही. यावरून स्वयंपाकघरासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की, अख्खी पाकळी गोळीसारखी पाण्याबरोबर गिळण्यात फारसा लाभ नाही. पोटातील तीव्र आम्लात विकर निकामी होते आणि अ‍ॅलिसिन बनण्याची संधीच हुकते. उपाशीपोटी पाकळी गिळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुसरी अशी की, सोललेला अख्खा लसूण थेट गरम तेलात टाकला तर विकर जळते. अमेरिकेतील साँग आणि मिलनर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लसूण मायक्रोवेव्हमध्ये केवळ एक मिनिट तापवल्यावर त्याचा संरक्षक गुण नाहीसा झाल्याचे आढळले. तोच लसूण आधी ठेचून दहा मिनिटे ठेवला आणि मग तापवला, तर काही गुण टिकून राहिला. हे प्रयोग उंदरांवरचे होते. तरीही आधी ठेचावा, जरा थांबावे, मग फोडणीत घालावा, ही सवय लावून घेण्यास काही खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, शिजवलेला लसूण अगदी निरुपयोगी ठरत नाही. लॉसन आणि हन्साकर यांनी २०१८ मध्ये माणसांवर केलेल्या चाचण्यांत लसूण खाल्ल्यावर शरीराला अ‍ॅलिसिनचा लाभ किती होतो हे मोजले. ठेचलेल्या कच्च्या लसणाच्या तुलनेत उकडलेल्या लसणातून सुमारे १६ टक्के, लोणच्यातील लसणातून १९ टक्के, तर भाजलेल्यातून ३० टक्के लाभ मिळाल्याचे दिसले. म्हणजे रश्श्यातला लसूण चवीबरोबर थोडे काही देऊन जातो. खलबत्त्यात कुटलेली कच्च्या लसणाची चटणी मात्र या हिशेबात निश्चितच वरचढ ठरते.

कोलेस्टेरॉल : उदयपूर, पुणे आणि स्टॅनफर्ड

हृदयविकाराच्या संदर्भात लसणाचा आधुनिक अभ्यास करण्यात भारतीय डॉक्टर आघाडीवर होते. उदयपूरचे डॉ. अरुण बोर्डिया यांचा लसणावरील शोधनिबंध १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भरपूर लोणी खाल्ल्यानंतर रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. सोबत लसणाचा रस वा तेल दिल्यास ही वाढ रोखली जाते, असे त्यांना आढळले.

त्यानंतरचा एक महत्त्वाचा अभ्यास पुण्यातील डॉ. जी. एस. सैनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कांदा-लसूण खाणारे आणि न खाणारे यांची तुलना करायची तर दोघांचा बाकीचा आहार सारखा हवा. जैन समाजात अशी तुलना शक्य होती. सारेच शाकाहारी, राहणी मिळतीजुळती, मात्र काही कुटुंबांत कांदा-लसूण संपूर्ण वर्ज्य तर काहींत चालणारा. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन गट होते. आठवड्याला सुमारे ६०० ग्रॅम कांदा व ५० ग्रॅम लसूण खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी १५९, थोड्या प्रमाणात खाणाऱ्यांचे १७२, तर कधीच न खाणाऱ्यांचे २०८ मिलिग्रॅम भरले.

हे आकडे ठळक आहेत खरे, परंतु अशा पाहणीला मर्यादा असते. दोन गटांत आढळलेला फरक लसणामुळेच पडला, की कांद्यामुळे, की अन्य कशामुळे, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तसा काटेकोर प्रयोग झाला. कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या १९२ व्यक्तींना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या, तर कुणाला बिनऔषधी गोळ्या देण्यात आल्या. मात्रा साधारण एका पाकळीइतकी होती. २००७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा कोणत्याच गटाच्या कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

पुढे २०१३ मध्ये ३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ज्यांचे कोलेस्टेरॉल २०० च्या वर आहे आणि ज्यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ लसूण घेतला, त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी १७ आणि घातक मानले जाणारे एलडीएल ९ मिलिग्रॅमने उतरल्याचे त्यात दिसले. तात्पर्य, परिणाम असलाच तर माफक आहे. वाढलेल्या कोलेस्टेरॉलवरील औषधांच्या तुलनेत तो बराच कमी होय.

काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर

रक्तदाबाच्या बाबतीत लसणाची बाजू अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कारिन रीड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता, त्यांच्यात वरचा आकडा सरासरी ८ आणि खालचा सुमारे ७ मिलिमीटरने खाली आल्याचे आढळले. ज्यांचा रक्तदाब सामान्य होता, त्यांच्यात मात्र म्हणण्यासारखा बदल झाला नाही. लसणातील गंधकयुक्त घटकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, हे त्यामागील कारण सांगितले जाते.

आठ मिलिमीटर ही क्षुल्लक घट नव्हे. मग गोळी का बंद करू नये? याची कारणे समजून घ्यायला हवीत.

समजा, एखाद्याचा वरचा रक्तदाब १६० आहे. लसणाने तो ८ ने उतरला तरी १५२ वर राहील. धोक्याची रेषा १४० मानली जाते. म्हणजे लसूण खाऊनही हा रुग्ण धोक्याच्या पट्ट्यातच आहे. शिवाय आठ ही सरासरी आहे. कुणाचा रक्तदाब त्याहून अधिक उतरेल, तर कुणाचा मुळीच उतरणार नाही.

दुसरे असे की, या चाचण्यांत प्रामुख्याने ठरावीक मात्रेच्या लसणाच्या गोळ्या वापरल्या होत्या. आपण खातो त्या पाकळीत अ‍ॅलिन किती हे वाण, जमीन, साठवण आणि पाकळीचा आकार यांवर अवलंबून असते. कट्ट्याकट्ट्यागणिक फरक पडतो. गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते पाकिटावर छापलेले असते. पाकळीवर तसे काही छापलेले नसते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांनी पक्षाघात व हृदयविकाराचे झटके टळतात, हे हजारो रुग्णांवरील दीर्घकालीन चाचण्यांत सिद्ध झाले आहे. लसणाच्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या असून त्यांत मोजला गेला तो केवळ आकडा. लसणाने पक्षाघात टळतो, असा पुरावा त्यांतून मिळत नाही.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. गोळी सोडल्यावरही माणसाला दिवसेंदिवस ठणठणीत वाटते आणि लसूण लागू पडला असा समज होतो. काही औषधे एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळून येण्याचा धोका असतो. एखाद्या पहाटे हात लुळा पडतो किंवा तोंड वाकडे होते, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. लसूण जरूर खावा, परंतु गोळीच्या सोबतीने. लसूण नियमित घेऊन, मीठ कमी करून, चालण्याचा व्यायाम ठेवून रक्तदाब खरोखरच उतरला, तर गोळीची मात्रा कमी करण्याचा निर्णय मोजमाप पाहून डॉक्टरच घेतील.

येथे मिठाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. लसूण प्रकृतीला चांगला म्हणून लसणी शेव, लसणाचे लोणचे, लसणी चिवडा आणि पापड यांवर ताव मारणारे कमी नाहीत. या पदार्थांत लसूण चिमूटभर आणि मीठ सढळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लसणाने उतरवलेला आकडा मिठाने पुन्हा चढवला, तर हाती काय लागणार?

सर्दी, करोना आणि कर्करोग

लसणाचा रस प्रयोगशाळेतील बशीत अनेक जिवाणूंना व बुरशीला मारतो, यात शंका नाही. मात्र बशीत जे घडते ते शरीरात घडेलच असे नाही. ब्रिटनमध्ये १४६ व्यक्तींवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत लसणाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकूण २४ वेळा, तर न घेणाऱ्यांना ६५ वेळा सर्दी झाल्याचे त्यात नोंदवले होते. निष्कर्ष उत्साहवर्धक होता, परंतु एका चाचणीवर विसंबता येत नाही, असेच पुढील तज्ज्ञ आढाव्यात म्हटले गेले.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत लसणाचे पाणी पिण्याचे संदेश मोबाइलवरून घरोघरी पोहोचले. लसूण हा आरोग्यदायी अन्नपदार्थ असला तरी त्याने या विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचा पुरावा नाही, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेला तेव्हा करावा लागला.

कर्करोगाबाबत चीनमधील शांडोंग प्रांतात लिनचू येथे प्रदीर्घ अभ्यास झाला. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या या भागात काही लोकांना सुमारे सात वर्षे लसणाचा अर्क व तेल यांच्या गोळ्या देण्यात आल्या. सुरुवातीच्या वर्षांत विशेष लाभ दिसला नाही. मात्र २२ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात लसूण घेणाऱ्यांमध्ये जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. ही आशादायक बाब असली, तरी कर्करोग झालेल्या रुग्णाने उपचार सोडून लसणावर भिस्त ठेवावी, असा याचा अर्थ मुळीच होत नाही.

लसूणही बाधतो

ज्याचा परिणाम होतो, त्याचे दुष्परिणामही असतात. स्वयंपाकातील नेहमीच्या प्रमाणात लसूण बहुतेकांना सुरक्षित आहे. प्रश्न येतो तो औषध म्हणून मूठभर पाकळ्या खाणाऱ्यांचा आणि अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांचा.

लसूण रक्त गोठण्याची क्रिया मंदावतो. त्यामुळे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफॅरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी लसणाच्या गोळ्या किंवा मोठी मात्रा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी किमान सात दिवस अशा गोळ्या बंद ठेवाव्यात, अशी शिफारस आहे. दात काढण्यापूर्वीही दंतवैद्याला कल्पना द्यावी. लसणाच्या गोळ्यांमुळे एचआयव्हीवरील सॅक्विनाविर या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर आल्याचे २००० नंतरच्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत किती फसवी आहे हे त्यावरून कळते.

कच्च्या लसणाने काहींना छातीत जळजळ, मळमळ वा पोटफुगी होते. लसणात फ्रुक्टन प्रकारची शर्करा असते. ती लहान आतड्यात पचत नाही. त्यामुळे आतडे संवेदनशील असलेल्यांना थोडा लसूणही त्रास देतो.

ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवणे हा घरगुती उपाय तर सर्वस्वी टाळावा. गुडघ्यावर, कपाळावर वा नायट्यावर लसणाची चटणी बांधल्याने भाजल्यासारखे फोड आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तान्ह्या बाळाच्या नाजूक त्वचेला तर हा धोका अधिकच. कान ठणकत असल्यास लसणाचे तेल टाकण्याची जुनी रीत आहे. परंतु कानाच्या पडद्याला छिद्र आहे की नाही हे घरी कळत नाही, त्यामुळे तेल टाकण्याआधी तपासणी आवश्यक.

सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धतही घातक ठरू शकते. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणाला चिकटून आलेल्या मातीतील 'बोट्युलिझम'चे जिवाणू तेथे विष तयार करू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे तेलातील लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. घरी असे तेल केल्यास ते फ्रिजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत संपवावे.

वासाचे काय?

कार्यालयात जाणारे अनेक जण लसूण टाळतात ते वासापायी. ब्रश करूनही वास जात नाही, कारण तो केवळ तोंडातला नसतो. लसणापासून शरीरात तयार होणारे एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात मिसळते आणि फुप्फुसांवाटे श्वासात उतरत राहते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत दूध, सफरचंद आणि पुदिना यांनी हा वास कमी होत असल्याचे दिसून आले. लसूण खाताना किंवा लगेच नंतर हे पदार्थ घेतल्यास उपयोग अधिक.

घेताना आणि खाताना

गड्डा दाबून पाहावा. तो टणक आणि कोरडा असावा. पापुद्र्याखाली काळी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी आणि असा माल नाकारावा. हिरवा कोंब फुटलेला लसूण विषारी नसतो, फक्त चवीला किंचित कडवट लागतो. गड्डे जाळीच्या टोपलीत, हवेशीर कोरड्या जागी ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास ते लवकर खराब होतात. फार मोठा, पांढराशुभ्र गड्डा स्वस्तात मिळत असेल तर जरा चौकशी करावी. चिनी लसणाच्या आयातीवर भारतात २०१४ पासून बंदी आहे, तरीही तो चोरट्या मार्गाने आल्याची प्रकरणे अधूनमधून उघडकीस येतात.

निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसाला एक-दोन पाकळ्या, ठेचून, दहा मिनिटांनी, जेवणासोबत खाल्ल्या तर पुरे. ज्वारीची भाकरी, झुणका आणि बाजूला खलबत्त्यात कुटलेली लसणाची चटणी, मीठ मात्र बेताने, हा विदर्भातील साधा बेत या दृष्टीने उत्तमच म्हणावा लागेल. उपाशीपोटी पाकळ्या गिळण्याचा अट्टहास कशाला?

कळमन्याहून लसणाची पिशवी घेऊन निघणाऱ्या काकाजींनी घरी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात. लसूण टोपलीत मोकळा करावा आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी. पुढच्या तपासणीला जाताना आपण रोज किती लसूण खातो, हेही डॉक्टरांना सांगावे.